सातबारा, पासबुक, आधार : २०१७ ला यादी का फसली आणि पुढच्या यादीआधी आपण काय बघायचं

मंडळी, कर्जमाफीची चर्चा आपल्याकडं काही थांबत नाही. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीला नागपूरच्या आंदोलनानंतर ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असं सरकारनं सांगितलं, तेव्हापासून पारावर, मोंढ्यात, एसटीत हाच विषय. किती माफ होणार, थकबाकीदारालाच की नियमित भरणाऱ्यालाही, यावर सगळे बोलतात. यादी कशी तयार होते यावर मात्र कोणी बोलत नाही. आणि २०१७ ला आपल्यातले कितीतरी जण निकषात बसूनही महिनोन् महिने लटकले ते पैशामुळं नाही, यादीमुळं.

म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

२०१७ साली चार महिन्यांच्या आत तीन गोष्टी घडल्या. १ एप्रिलला आपली स्टेट बँक ऑफ हैदराबाद भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. २४ जूनला राज्य सरकारनं ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर केली. आणि १ जुलैला जीएसटी आला. धर्माबादला या तिन्हींचा धक्का एकाच गावात बसला: बँकेत, सोसायटीत आणि मिरचीच्या अडतीवर. वरवर या तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. आतून काम एकच होतं. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या पद्धतीनं ठेवलेल्या नोंदी एकमेकींना जोडायच्या. एक जोड बऱ्यापैकी बसली, एक अर्धवट बसली, आणि एक उसवली. असं का झालं, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी आपली दप्तरं

आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. दप्तर उर्दूत. साल फसली, म्हणजे त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारण निघायचं. पैसा हाली सिक्का, इंग्रजांचा तो कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. जुन्या सावकारी वह्यांत कर्ज हालीत की कलदारात, हे पहिल्यांदा बघावं लागायचं. आकडा एकच, पण किंमत वेगळी.

पोलीस ॲक्शननंतरही हे सगळं एका रात्रीत बदललं नाही. जमिनीच्या हक्कनोंदणीचा हैदराबादचा कायदा १३५८ फसलीचा, म्हणजे १९४८-४९ चा. मग १९५४-५५ ची खासरा पाहणी झाली. आजही वारसाचा किंवा कुळाचा वाद निघाला की वकील पहिल्यांदा खासरा काढायला लावतात, तो हाच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. पुढं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ आली आणि आपण पक्के गाव नमुना सातबाराचे झालो.

१९५६ ला आणखी एक झालं. तोवर नांदेड जिल्ह्यात असलेला मुधोळ तालुका आंध्रात गेला. म्हणजे गोदावरीकाठचं बासर, जिथं आपण लेकरांना अक्षरओळखीला घेऊन जातो, ते कालपर्यंत एका जिल्ह्यात आणि आज दुसऱ्या राज्यात. सोयरिकी तशाच राहिल्या, शेती दोन्हीकडं राहिली, पण दप्तर फाटून दोन झालं. इकडं महाभूलेख, तिकडं आधी धरणी आणि २०२५ पासून भूभारती. या दोन दप्तरांना एकमेकांची ओळख नाही.

आता या सगळ्यात माणसाचं नाव कसं लिहिलं जायचं ते बघा. उर्दू कागदात «मारोती वल्द लक्ष्मण». मराठी सातबाऱ्यात «मारोती पि. लक्ष्मण». बाई असली तर «गंगाबाई भ्र. मारोती», भ्र. म्हणजे भ्रतार. आडनाव बऱ्याच ठिकाणी नाहीच. गावात कोण मारोती हे तलाठ्याला माहीत, पाटलाला माहीत, आडनावाची गरजच काय? पुण्याकडं हाच माणूस मारुती होतो. नदीपलीकडं तेलुगू रीतीनं घराण्याचं नाव आधी येतं, तेही कधी नुसतं एक अक्षर. आणि इंग्रजीत लिहायची वेळ आली की लक्ष्मणचं स्पेलिंग जितके कारकून तितक्या तऱ्हा.

हे नीट ध्यानात ठेवा. पुढची सगळी गोष्ट इथंच अडते. जुन्या दप्तरात नोंदी चुकीच्या नव्हत्या. त्या गावातल्या माणसानं गावातल्या माणसासाठी ठेवलेल्या होत्या. गावाबाहेरच्या माणसानं, किंवा यंत्रानं, त्या वाचायच्या असा हेतूच नव्हता.

जोडणारी यंत्रं कुठून आली

दोन याद्यांतला माणूस एकच आहे का, हा प्रश्न काही आपलाच नाही. अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या माणसानं १९१८ ला साउंडेक्स नावाची युक्ती पेटंट केली. नाव कसं लिहिलंय यापेक्षा ते ऐकायला कसं येतं यावरून त्याला एक छोटा कोड द्यायचा, म्हणजे स्पेलिंग वेगळं असलं तरी नावं एका गठ्ठ्यात येतात. १९४६ ला हॅल्बर्ट डन यांनी या कामाला «रेकॉर्ड लिंकेज» असं नाव दिलं. जन्म, लग्न, आजार, मृत्यू अशा एका माणसाच्या सगळ्या नोंदी एका पुस्तकात बांधल्यासारख्या जोडता याव्यात, अशी त्यांची कल्पना.

१९६९ ला कॅनडातल्या फेलेगी आणि संटर या दोघांनी त्याचं गणित मांडलं. ते गणित बाजूला ठेवू, पण त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. दोन नोंदी ताडल्या की दोन नाही, तीन टोपल्या होतात. एक, नक्की तोच माणूस. दोन, नक्की वेगळा. आणि तीन, सांगता येत नाही. ही तिसरी टोपली यंत्रानं स्वतः निकालात काढायची नाही, माणसाकडं द्यायची. ज्यानं हे शास्त्र उभं केलं त्यांनीच हे सांगून ठेवलंय.

१९७० ला कॉड यांनी माहिती तक्त्यांत ठेवायची आणि एका समान किल्लीनं तक्ते जोडायचे ही पद्धत मांडली. आजचे बहुतेक डेटाबेस त्यावरच चालतात. पण प्रत्येक कंपनीचा डेटाबेस वेगळा, म्हणून १९९२ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टनं ओडीबीसी आणलं, एका प्रोग्रॅमनं वेगवेगळ्या डेटाबेसशी बोलायचा दुभाषी म्हणा. १९९३ ला दोन भारतीयांनी कॅलिफोर्नियात इन्फॉर्मेटिका कंपनी काढली, ती नुसत्या जोडण्याच्या कामासाठीच. या अवजारांची रीत तीन पायऱ्यांची: जुन्या ठिकाणाहून माहिती काढायची, एकसारखी करायची, नव्या ठिकाणी भरायची. इंग्रजीत तिला ईटीएल म्हणतात.

यातली मधली पायरी सगळ्यात अवघड. तारीख फसलीत आहे का इसवीत, रक्कम हालीत का कलदारात, एकरात लिहिलंय का हेक्टरात, मारोती आणि मारुती एकच का. अवजार हे काम झपाट्यानं करतं, पण «एकच का» याचा नियम कोणीतरी माणसानं आधी ठरवून द्यावा लागतो.

पहिली जोड : बँक

आता या २०१७ वर. आपली बँक हैदराबाद स्टेटच्या १९४१ च्या कायद्यानं निघालेली. निजामाच्या हाली सिक्क्याचा कारभारही तिच्याकडंच होता. १९५६ ला तिचं नाव स्टेट बँक ऑफ हैदराबाद झालं, १९५९ च्या कायद्यानं ती भारतीय स्टेट बँकेची उपबँक झाली. मराठवाड्यात जुन्या माणसांसाठी बँक म्हणजे «हैदराबाद बँक». १ एप्रिल २०१७ ला ती आणि तिच्यासारख्या आणखी चार उपबँका, शिवाय भारतीय महिला बँक, मोठ्या बँकेत गेल्या.

पाटी बदलली, आयएफएससी कोडातली पहिली चार अक्षरं बदलली, जुनी चेकबुकं ३१ डिसेंबरपर्यंत चालवायची मुभा मिळाली. त्रास झाला, रांगा लागल्या. पण कोणाचं खातं दुसऱ्याच्या नावावर गेल्याची ओरड आपल्या इकडं झाली नाही. कारण साधं आहे. उपबँका आधीपासूनच मोठ्या बँकेसारख्याच कोअर बँकिंग सॉफ्टवेअरवर होत्या, आणि प्रत्येक खात्याला स्वतःचा नंबर होता. नाव ताडायची वेळच आली नाही. दोन्ही वह्या एकाच पद्धतीनं लिहिलेल्या असल्या की जोडणं सोपं.

दुसरी जोड : जीएसटी

मोंढ्यातल्या लोकांना हे सांगायला नको. धर्माबादची मिरची, माल इकडून तिकडं, तिकडून इकडं. महाराष्ट्राचा कोड २७, तेलंगणाचा ३६. जीएसटी नंबर १५ अंकाक्षरांचा: पहिले दोन राज्याचे, पुढचे दहा पॅनचे, आणि शेवटचं एक तपासणीचं. टाइप करताना एक अक्षर चुकलं तर यंत्र तिथंच अडवतं. किल्ली चांगली होती.

मूळ बेत असा होता की विकणाऱ्याचं प्रत्येक बिल आणि घेणाऱ्याचं प्रत्येक बिल यंत्रानं ताडायचं, जुळलं तरच कराचं क्रेडिट. पण व्यापाऱ्याचा नंबर पक्का असला तरी बिलाचा नंबर ज्याचा त्यानं घातलेला. इकडं «०४५», तिकडं नुसतं «४५», आणखी कोणाकडं मध्ये तिरकी रेघ आणि साल. शेवटी नोव्हेंबर २०१७ मध्ये ताडणीचे ते फॉर्म थांबवले गेले. पुढं २०२० मध्ये विकणाऱ्याच्या रिटर्नवरून आपोआप बनणारं २बी विवरण आलं आणि ताडणी दुसऱ्या रूपात परत आली. आज आपल्या अडतीवरचा मुनीम महिन्याच्या १४ तारखेनंतर टॅलीची यादी आणि २बी शेजारी ठेवून जे टिपत बसतो, ते शंभर टक्के डेटा जोडण्याचंच काम. नाव कोणी दिलं नाही एवढंच. पण व्यापाऱ्याला एक सोय होती. बिल जुळलं नाही तर समोरच्याला फोन करून «तुमचं बिल चढवा» म्हणता येतं. शेतकऱ्याला तशी सोय नव्हती.

तिसरी जोड : कर्जमाफी

छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना. दीड लाखापर्यंत माफी. हेतूबद्दल आपण भांडत नाही. जोडायचं काय होतं ते बघा.

एका बाजूला शेतकऱ्यानं ऑनलाइन भरलेला अर्ज. राज्यभरातून ५६ लाखांच्या वर अर्ज आले. दुसऱ्या बाजूला राष्ट्रीयीकृत बँका, ग्रामीण बँक, जिल्हा बँक आणि तिच्या खालच्या गावोगावच्या सोसायट्या, प्रत्येकाची वही वेगळी, कितीतरी सोसायट्यांची तर कागदावरची. त्यांनी ६६ रकान्यांच्या तक्त्यात माहिती भरून द्यायची. आणि या दोन्हींना जोडणारी किल्ली आधार.

पहिली अडचण: कितीतरी जुन्या कर्जखात्यांना तेव्हा आधार जोडलेलंच नव्हतं. रकाना रिकामा ठेवून चालेना, मग काय झालं ते वर्तमानपत्रांतून तेव्हा आलंच. अनेक शेतकऱ्यांपुढं एकच आधार नंबर, एकच खाते नंबर. आधारलाही शेवटचा अंक तपासणीचा असतो, पण तो एवढंच सांगतो की नंबर रचनेनं बरोबर आहे. कोणाचा आहे हे तो सांगत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आणि ती यंत्राची नव्हतीच. दीड लाखाची मर्यादा माणसागणिक नव्हती, कुटुंबागणिक होती. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि १८ वर्षांखालची लेकरं. आता बँकेची वही माणसाची असते, खात्याची असते. कुटुंबाची वही कोणत्याच बँकेत नाही. म्हणजे जी नोंद कुठंच नाही ती अर्जावरून तयार करायची, आणि मग वेगवेगळ्या बँकांतल्या «मारोती पि. लक्ष्मण» आणि «गंगाबाई भ्र. मारोती» यांना एका घरात बसवायचं, तेही दिवाळीच्या आत.

१८ ऑक्टोबर २०१७ ला, दिवाळीत, प्रमाणपत्रं वाटली गेली. त्यानंतर पहिली ग्रीन लिस्ट बँकांकडं गेली आणि बँकांनी चुका दाखवल्या. यादी मागं घ्यावी लागली. पुढं न जुळलेले अर्ज तालुका समितीकडं आले. म्हणजे फेलेगी आणि संटर यांची तिसरी टोपली शेवटी करावीच लागली, पण उशिरा.

माझ्या घरची गोष्ट सांगतो. वडिलांचं नाव सातबाऱ्यावर आडनावाशिवाय, कर्जखात्यात आडनावासकट आणि आधारवर इंग्रजीत तिसरंच. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण दोष त्या समोरच्या क्लार्कचा नव्हता. तो म्हणायचा, «काका, मला तुम्ही माहीत आहात, पण स्क्रीन घेत नाही.» वडील चार-पाच खेटे घालून थकले. शेवटी म्हणाले, «चाळीस वर्षं याच खात्यातून पीककर्ज उचललं, फेडलं. घेताना मी मीच होतो, माफ करताना मी कोण ते कळंना.» नाव शेवटी आलं, पण त्या मधल्या काळात खातं थकीत म्हणून नवं पीककर्ज मिळालं नाही आणि पेरणीला उसनवारी करावी लागली. यादीतल्या चुकीची खरी किंमत ही असते. ती कोणत्याच रकान्यात दिसत नाही.

२०२० ला काय वेगळं झालं

२७ डिसेंबर २०१९ ला महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेचा शासन निर्णय निघाला, दोन लाखांपर्यंतची. सरकार कोणाचं याच्यात मला जायचं नाही, दोन्ही योजनांत घोषणाबाजी होतीच. पण जोडणी बघा. अर्ज नाही. कुटुंबाची अट नाही, माणूस धरला. आधी बँकांनी खाती आधारला जोडायची, ज्यांची जोडलेली नाहीत त्यांच्या याद्या लावायच्या. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी आली तीही प्रत्येक जिल्ह्यात दोनच गावांची, चाचणी म्हणून. शेतकऱ्यानं आपला विशिष्ट क्रमांक घेऊन केंद्रावर जायचं, अंगठा लावायचा, स्क्रीनवर आपलं नाव आणि रक्कम बघायची. मान्य असेल तर पुढं, नसेल तर तक्रार तिथंच नोंदवायची. आधार चुकलं तर तहसीलकडं, रक्कम चुकली तर जिल्हा पातळीवर.

तिथंही अडचणी आल्या. मार्चमध्ये लॉकडाउन लागला, अंगठे थांबले. नियमित भरणाऱ्यांचं अनुदान रखडलं. पण यादी मागं घ्यायची वेळ आली नाही. दोन-अडीच वर्षांत सॉफ्टवेअर काही जादूचं झालं नव्हतं. बदलला तो नियम, आणि पैसा जमा होण्याआधी ज्याची नोंद आहे त्याला ती दाखवली गेली.

नदीपलीकडचंही उदाहरण आहे. तेलंगणानं जुलै-ऑगस्ट २०२४ मध्ये दोन लाखांची माफी तीन टप्प्यांत दिली. तिथंही मर्यादा कुटुंबाला, आणि कुटुंब ओळखायला रेशनकार्ड धरलं. ज्यांच्याकडं कार्ड नाही ते बाजूला पडले, मग घरोघर पडताळणीची वेळ आली. आपण २०१७ ला जिथं अडकलो त्याच दगडाला ते अडखळले.

आता काय

एप्रिल २०२५ पासून राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा आहे. आधार आणि सातबारा जोडून हा नंबर मिळतो. सोसायट्यांचं संगणकीकरणही चालू आहे, केंद्रानं जून २०२२ मध्ये ६३ हजार सोसायट्यांसाठी ते मंजूर केलं. म्हणजे २०१७ ला जी किल्ली नव्हती ती आता तयार होतेय. चांगलंच आहे, मी विरोधात नाही.

पण किल्ली पक्की झाली की चूकही पक्की होते, हे विसरू नका. पूर्वी चूक एका वहीत असायची. आता एका नंबरला चुकीचा गट जोडला गेला की तीच चूक पीकविम्यात, अनुदानात, कर्जात, सगळीकडं एकदम जाणार. सामायिक खातं, न झालेली वारसनोंद, भ्र. लिहिलेली आई, तेलंगणातली चार एकर: हे सगळं अजून आहे तिथंच आहे.

म्हणून माझ्या मते कोणत्याही कर्जमाफीच्या आधी आपण, पक्ष कोणताही असो, तीन गोष्टी मागायला पाहिजेत.

१) पैसे जमा व्हायच्या आधी कच्ची यादी ग्रामपंचायतीत लागली पाहिजे, आणि ती चावडीवर वाचली गेली पाहिजे. यंत्राला न कळणारा मारोती गावाला कळतो.

२) जे नाव जुळलं नाही त्याला «अपात्र» म्हणायचं नाही. «तपासणीत» म्हणायचं, कारण लेखी द्यायचं आणि निकालाची तारीख द्यायची. तोवर नवं पीककर्ज अडवायचं नाही.

३) नियम असा ठेवायचा की ज्याची नोंद कुठंतरी खरोखर आहे. जी वहीच अस्तित्वात नाही, ती जोडायला सांगून शेतकऱ्याला रांगेत उभं करायचं नाही.

आणि आपल्या हातातलं एक काम. या आठवड्यात सातबारा, आधार, बँक पासबुक, सोसायटीचं खातं आणि शेतकरी ओळख क्रमांकाची पावती हे पाच कागद एका जागी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. गट नंबर सगळे आलेत का बघा. वडील गेले असतील तर वारसाचा फेरफार झालाय का ते बघा. फरक सापडला तर आताच अर्ज द्या आणि पोच घ्या. यादी निघाल्यावर तहसीलसमोरच्या गर्दीत हे होत नाही, २०१७ ला आपण बघितलंय.

घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांचे कागद तुम्ही बघा, त्यांना खेटे घालायला लावू नका. आणि तुमच्या कागदांत काय फरक निघाला ते खाली लिहा. नंबर टाकू नका, नुसतं काय चुकलंय ते लिहा. एकसारख्या चुका निघाल्या तर सगळ्यांचं मिळून एकच निवेदन तहसीलदार साहेबांना देऊ.